झाकलेला आरसा

गिताबाईचा जन्म मेंढरांमागं चालण्यात गेला. उतारवयात नवऱ्यानं, म्हस्कूनं, फिरणं सोडलं आणि कासुर्डीच्या माळावर घर बांधलं. जमीन बघितली, पाणी बघितलं. हवाही बघून घ्यायची असते हे तेव्हा कुणाच्या डोक्यात येणार?

मग ओढ्यापलीकडं रसायनांचा कारखाना आला. दिवसा हा कारखाना अगदी साळसूद. दिवेलागण झाली की वायू सोडायचा. सकाळी मेंढरांच्या नाकातून पाणी गळायचं, गाभण मेंढ्या गाभडायच्या, आणि म्हस्कूची छाती भात्यासारखी वाजायची. तक्रार केली की कारखान्याचे साहेब विचारायचे, पुरावा काय? समोर माणूस खोकून खोकून वाकडा झालाय, आणि ह्यांना पुरावा हवा!

अठ्ठ्याण्णव सालच्या हिवाळ्यात पुण्याच्या एका प्रयोगशाळेची गाडी शाळेच्या पटांगणात येऊन उभी राहिली, तेव्हा वस्तीला वाटलं, सुटलो. गाडीत लेझरचं यंत्र होतं. आत वायूंचा भडका उडवायचा आणि त्यातून किरण काढायचा. तो डोळ्याला दिसत नाही. कारखान्यावरून जाऊन तो पलीकडच्या आरशावर पडणार आणि आल्या वाटेनं माघारी येणार. वाटेत कारखान्याचा वायू असेल तर तो वायू किरण खातो. किती खाल्ला त्यावरून वायू किती ते कळतं. कारखान्याच्या नेमकं पलीकडं घर होतं गिताबाईचं, म्हणून आरसा तिच्या भिंतीला बसला. म्हस्कूनं थट्टा केली, की आता भिंत पावडर लावून बसणार. रात्री यंत्र आपोआप चालणार होतं आणि प्रयोगशाळेचे साहेब लोक दौंडच्या लॉजवर झोपायला जाणार होते. निघताना मोठे साहेब एवढंच म्हणाले, "मावशी, आरसा जपा."

आणि तिनं जपला. तिच्या घरात सासूच्या काळापासून दिवेलागणीनंतर आरसा उघडा ठेवत नसत. हा तर परक्याचा, सरकारी. तिनं म्हस्कूचा सणाचा पटका काढला आणि रोज संध्याकाळी आरसा नीट झाकला, सकाळी सडा टाकल्यावर उघडला. साहेब यायचे ते उन्हं वर आल्यावर. आरसा उघडा, सगळं झकास.

महिन्याभरानं निकाल सांगायला सभा भरली. कारखान्याला वाढायची परवानगी हवी होती. मोजणीत वायू निघाला असता तर रात्रीचं सोडणं बंद करावं लागलं असतं. मोठे साहेब माईकवर म्हणाले, दिवसा हवा चांगली आहे, आणि रात्री तर वायूचा मागमूसही नाही. कारखान्याच्या खुर्च्यांवरून टाळ्या झाल्या. म्हस्कूला त्याच वेळी उबळ आली. टाळ्या आणि खोकला, दोन्ही एकदम चालू होते.

गिताबाईला तेव्हा उमगलं, रात्री आरसा तर आपणच झाकत होतो. गप्प बसली असती तर कुणाला कळलंही नसतं. ती उठली.

"सायेब, रातीला म्या आरसा झाकत व्हते. चूक माझी हाय." साऱ्या सभेनं माना वळवल्या. "पर एक सांगा, रातीला तुमचा किरन माघारी आला व्हता का?"

साहेबांनी शेजारच्याकडं बघितलं. "नाही," ते म्हणाले. "कोरी जागा आली, तिथं आम्ही शून्य धरलं."

"मग तसं सांगा. आमाला दिसलंच न्हाई म्हना. हवा साफ हाय कशापायी म्हनता? आरसा म्या झाकला, तुमचं डोळं कुनी झाकलं व्हतं?"

खरं तर तिथंच निकाल मागं घेऊन माईक बंद व्हायला हवा होता. पण शिकलेल्या माणसाला चूक दाखवली की त्याला पहिला राग येतो. साहेबांनी सुनावलं, की यंत्रणेत ढवळाढवळ गावानं केली, मग खापर प्रयोगशाळेच्या डोक्यावर कशाला? गाडी आता दुसऱ्या जिल्ह्यात आहे, परत येणार नाही. रात्रभर किरण परतत नाही हे रोज दिसत असताना एकानंही माळावर चक्कर का मारली नाही, हे मात्र कुणी सांगितलं नाही. शून्य होतं तिथंच राहिलं आणि कारखाना वाढला. ह्याला विज्ञान म्हणायची लाज वाटली पाहिजे.

वस्तीतल्या काहींनी गिताबाईलाच बोल लावले. तिनं ते ऐकून घेतले. पटका ती आता रोज रात्री ओला करून म्हस्कूच्या नाकातोंडावर धरते. आणि प्रयोगशाळेनं आरसा काढून नेला तेव्हा भिंतीत उरलेल्या खुंटीला तिनं घरातला आरसा टांगला, तोंड कारखान्याकडं करून. तो ती झाकत नाही. शेजारची कुशाबाई म्हणाली, रातीचा आरसा उघडा ठेवू नये, वाईट असतं.

"ऱ्हाऊ दे उघडा," गिताबाई म्हणाली. "कुनीतरी बघाया नगं?"