पितळेचे सहा बोल्ट

मालवण बंदरात लाँचच्या इंजिनाला हात लावणारे चार जण होते, पण बोलावणं यायचं ते सत्यवानला. आणि हे त्यालाही पक्कं ठाऊक होतं, हीच तर पंचाईत! काम खोटं नव्हतं हो त्याचं. पण एकदा का त्याने "झाला" म्हटलं की पुढे कोणी शंका काढायची नाही. काढलीच तर असा हसायचा की विचारणाऱ्यालाच लाज वाटावी.

अठ्ठावन्न सालचा शिमगा नुकताच आटोपला होता. भाईंची मोटार महिनाभर त्याच्या मांगरात, म्हणजे कामाच्या छपराखाली, उघडी पडली होती. भाई मुंबईची नोकरी संपवून गावी आलेले, आणि येताना साहेबाची पंचवीस वर्षांची जुनी विलायती गाडी घेऊन आलेले. तिचं इंजिन सत्यवानने पार सुटं करून पुन्हा जोडलं. राहिला क्लच. इंजिनाच्या जड चाकावर क्लचचं झाकण सहा बोल्टांनी आवळलेलं असतं, आणि इंजिनाचा सगळा जोर त्या सहांमधूनच पुढे जातो. मूळचे बोल्ट पोलादी, काळे, डोक्यावर गंज चढलेले. एकाचे आटे बिघडलेले.

"जुने बरे आसत तर जुनेच घाल मां," भाई म्हणाले.

सत्यवान हसला. "भाई, ह्यो लोखंडाचो कुजको माल घालून माझा नाव घालवू? पितळेक गंज येणा नाय."

समुद्रावरच्या माणसाचं हे शहाणपण. खारं वारं लोखंड खातं, पितळ टिकतं, हे तो पोरवयापासून बघत आलेला. मोडीत निघालेल्या लाँचचं जाड पितळ त्याने आणलं, त्यावर आटे पाडले, सात बोल्ट केले. सहा गाडीत गेले, सोन्यासारखे झळकले. जुने त्याने रॉकेलच्या डब्यात टाकून दिले. शनिवारी सकाळी सात वाजता भाई, त्यांची बायको हौसाबाई आणि मुलगी सुगंधा गाडीत बसून मिरजेला निघाले. हौसाबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, सोमवारी ऑपरेशन ठरलेलं. वाटेत घाटाखालच्या फोंड्याला मेहुण्याकडे जेवायचं, ऊन उतरलं की घाट चढायचा, असा भाईंचा बेत.

नऊच्या सुमाराला सत्यवानने तो सातवा बोल्ट एका लाँचच्या इंजिनात बसवायला घेतला. लांब पाना लावला, नेहमीसारखा जोर दिला, आणि टक्कन बोल्टाचं डोकं त्याच्या हातात आलं.

तो धावत मांगरात आला, रॉकेलच्या डब्यातून एक जुना पोलादी बोल्ट काढला, व्हाइसच्या लोखंडी जबड्यात धरला आणि पान्याला नळी लावून सगळं अंग टाकलं. बोल्ट तुटला नाही की वाकला नाही. सपाटीवर पितळ कसंबसं तगेल. पण फोंड्याच्या घाटात, चढावर गाडी उभी करून पुन्हा उचलताना? ते सहा बोल्ट तुटले तर गाडीतला जोरच गेला. पंचवीस वर्षांच्या ब्रेकवर तीन माणसं मागे दरीकडे!

सहा जुने बोल्ट, पाने आणि तिकोनी कानस पिशवीत कोंबून तो नाक्यावर धावला. सुकी मासळी भरलेला गंगारामचा ट्रक कोल्हापूरला निघाला होता. सत्यवान वर चढला आणि बिघडलेल्या बोल्टाचे आटे कानशीने साफ करत बसला. ट्रक असा हादरत होता की कानस दोनदा अंगठ्यातच घुसली. कणकवलीला गंगारामने ट्रक थांबवला आणि निवांत चहा मागवला.

"गंगाराम, चल रे बाबा!"

"इतकी कसली घाय? तुझा लगीन आसा काय थंय?"

सत्यवानला रडू फुटायचं बाकी होतं. भाई लवकर जेवले असतील तर? ऊन उतरायची वाट न बघता निघाले असतील तर? आणि या सगळ्या भीतीत त्याच्या डोक्यात दुसरंही काही शिजत होतं, ते लपवून काय करायचं? भेटले की काय सांगायचं? एक वॉशर घालायचा राहिला, म्हणायचं. गाडीखाली शिरायचं, बोल्ट बदलायचे, पितळेचे गुपचूप खिशात. कोणाला कळतंय!

फोंड्याला पोचला तेव्हा अडीच वाजले होते. गाडी मेहुण्याच्या दारात उभी होती. हौसाबाई ओसरीवर बसल्या होत्या. पायांचा आवाज ऐकून त्यांनी मान वळवली. "कोण ता?"

"मी सत्यवान, काकी."

"सत्या? इतक्या लांब कित्याक इलंस रे?"

वॉशर जिभेवर तयार होता. पण त्या बाईंचे पांढुरके डोळे त्याच्या तोंडाच्या जरा बाजूलाच लागले होते, आणि त्याच्याने खोटं बोलवलंच नाही.

"काकी, मी चुकलंय. बोल्ट खोटे लायलंय. घाटात तुटतले."

भाई आतून आले ते ऐकतच. "रे मेल्या! महिनाभर काय झक मारत होतंस?" त्यांचा हातच उठला होता, सुगंधाने धरला. सत्यवान गाडीखाली शिरला. खालची पत्र्याची थाळी काढली, चाक फिरवून एकेक बोल्ट काढायचा, त्या जागी जुना आवळायचा. पितळेचा तिसरा नुसता पाना लावल्याबरोबर तुटला. सपाटीच्या रस्त्यावरच त्याचा जीव गेला होता. तो तुकडा त्याने स्वतः भाईंच्या हातावर ठेवला.

साडेचारला काम झालं. "झाला," असं म्हणायची आज त्याची हिंमत नव्हती. "आता बरा आसा," तो हळूच म्हणाला.

"पयलेय बरे म्हणालंस," हौसाबाई म्हणाल्या. "माका दिसणा नाय. मी कोणाचा खरा मानू? तू बस माझ्या वांगडा."

सत्यवानने जन्मात घाट बघितला नव्हता. मागच्या सीटवर तो हौसाबाईंशेजारी अंग चोरून बसला. इतकी इंजिनं त्याने जोडली, इतक्या लाँच समुद्रात धाडल्या, आणि प्रत्येक वेळी आपण काठावर उभे राहून विडी ओढली, हे त्याला आज पहिल्यांदा आठवलं. तिसऱ्या वळणावर समोरून लाकडांचा ट्रक आला. भाईंना चढावरच थांबावं लागलं. ट्रक गेला. भाईंनी क्लच सोडायला घेतला, गाडी थरथरली, बोटभर मागे सरकली. सत्यवानचे डोळे गच्च मिटले. मग गाडीने जोर धरला आणि ती वर निघाली.

हौसाबाईंनी चाचपडत त्याचा हात धरला. "सत्या, हात किती गार पडलो रे तुझो!"

"भिया वाटता, काकी."

"माका सकाळपासना वाटता," त्या म्हणाल्या. "पण माका कोणी इचारूक नाय."

सत्यवानने डोळे उघडले, खिडकीकडे सरकला आणि त्यांचा हात न सोडता सांगायला लागला. "आता डावीकडे वळण इला, काकी. दरी आसा, पण दगडाचो कठडो आसा. भाईंनी गियर बदललो. क्लच पकडलो, काकी. पकडलो."