नावानुसार, यंत्रानुसार

आकडे तेच ठेवून कागदावरची त्यांची मांडणी तेवढी बदलली, तर वाचणाऱ्याचा निर्णय बदलतो का? आणि बदलत असेल, तर अनेक मांडण्यांतली खरी कोणती, हे कशावरून ठरवायचे? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी हे लिहायला घेतले आहे. प्रश्न मुळात माझा नाही. शिवहार आप्पा कोरे यांचा आहे. त्यांना मी कधी स्वस्थ बसलेले पाहिले नाही, आणि हे अक्षरशः खरे आहे. आमच्या खोलीत दोन खुर्च्या होत्या. आप्पांच्या खुर्चीवर कायम छपाईच्या कागदाचा खोका असे.

आप्पा बीड जिल्ह्यातल्या एका सूतगिरणीत संगणक विभागाचे प्रमुख होते. काळ नव्वदीच्या दशकातला. खासगी शाळेतली माझी गणिताची हंगामी नेमणूक संपली होती, संगणकाचा वर्ग नुकताच पुरा केला होता, म्हणून मी त्यांच्या हाताखाली रुजू झाले. शाळेतून आले म्हणून ते मला ‘बाई’ म्हणत. प्रत्येक पाळीचे आकडे संगणकात भरणे आणि त्यांचे अहवाल छापून देणे हे आमचे काम. अहवाल बांधण्याच्या प्रणालीत पडद्याचे आडवे पट्टे पडलेले असत: वर मथळा, मध्ये एकेका नोंदीची ओळ, खाली बेरीज. कोणता रकाना आधी, कोणता नंतर, यादीचा क्रम कशावरून लावायचा, हे सारे आपण ठरवायचे.

छपाई संपली की आप्पा छिद्रांच्या रेघेवर कागद फाडत आणि तडक बाहेर पडत. हात लांब करून कागद समोर धरायचा, चालत चालत फाटकापर्यंत जायचे, वळायचे, परत यायचे. मी कारण विचारले तेव्हा म्हणाले, “वाचणारा काय खुर्चीत बसून वाचतोय व्हय, बाई? पाळी सुटताना गाडीवर एक पाय टाकून वाचतो त्यो. तवा जे दिसलं, तेवढंच कागदावर हाय असं समजायचं.”

माझा पहिला अहवाल मी फार नेटका केला होता. प्रत्येक रकान्याला चौकट, मथळ्याभोवती ताऱ्यांची नक्षी. आप्पा तो घेऊन फाटकापर्यंत गेले आणि परत येऊन माझ्यासमोर ठेवत म्हणाले, “कुंपण लई भारी घातलंय. पीक कुठं हाय?” मी सगळ्या रेघा काढल्या. उरली फक्त मोकळी जागा, आणि त्या जागेत आकडे प्रथमच नीट दिसले. विद्यार्थ्यांना मी आजही हे सांगते: जे काम मोकळ्या जागेने भागते, त्यासाठी रेघ ओढू नये.

त्यांच्या घरचे नेकनूरला किराणा दुकान होते. मांडणीचे त्यांचे नियम तिथून आलेले. “गूळ मागल्या फळीवर ठेवला की गिऱ्हाईक समजतंय, कोऱ्याकडं गूळ न्हाई.” म्हणून महत्त्वाचा आकडा डावीकडून पहिल्या रकान्यात. “रिकामी जागा म्हणजे मोजलंच न्हाई. शून्य म्हणजे मोजलं, पण निघालं न्हाई. दोन्ही एक करू नका.” हा भेद मी शाळेत शिकवला होता, पण इतक्या थोडक्या शब्दांत नव्हे. बीडला बैठकीला जाताना एकदा मांजरसुंब्याला गाडी थांबली. चहाचा पेला हातात घेऊन आप्पा हॉटेलाच्या फळ्यासमोर उभे राहिले आणि मालकाला म्हणाले, “भजी तळाला कावून लिवली? गाड्या तर भज्यासाठीच थांबतेत.” मालक म्हणाला, “आप्पा, वास येतो की. लिवायचं काय काम?” आप्पा हसले, पण गाडीत बसल्यावरही ते फळ्याचाच विचार करत होते. “वासाला रकाना न्हाई, बाई,” असे म्हणाले.

त्या वर्षांत बाहेरचे स्वस्त सूत बाजारात येऊ लागले होते आणि गिरणीत माणसे कमी करण्याची भाषा सुरू झाली होती. एके सकाळी व्यवस्थापकांनी आप्पांना बोलावले. कातणी खात्यातला एक कामगार कमी करायचा होता. ज्याच्या हाती सर्वांत जास्त धागे तुटतात, त्याला काढायचे. “नावानुसार अहवाल द्या. सर्वांत जास्त तूट असलेला सर्वांत वर. एका पानात बसवा.” आप्पांनी तसा अहवाल बांधला. तो उत्तम होता. फाटकापर्यंत नेला तरी पहिले नाव स्पष्ट वाचता येत होते. ते नाव गफूरभाईंचे होते.

गफूरभाई नेकनूरहून एस.टी.ने येत. खात्यातले जुने कामगार. बातमी त्यांच्यापर्यंत पोचायला वेळ लागला नाही. दुपारी ते आमच्या खिडकीशी आले. त्यांच्या मागे मुकादम होता.

“काय बे गफूर, इथं काय काम तुझं?” मुकादमाने हटकले.

“आप्पांना एक विचारायचंय,” गफूरभाई म्हणाले, आणि आप्पांकडे वळले. “आप्पा, तार मी तोडत न्हाई. तार तुटते अन् मी जोडतो. जेवढ्या जास्त जोडल्या, तेवढं माझं नाव वर गेलं. हा हिसाब मला उमजंना.”

आप्पांनी मुकादमाला विचारले, “ह्यांना कोणती यंत्रं दिलीत?”

“पच्छिमेच्या भिंतीकडची. तिकडं लई तुटतंय म्हणून तर गफूरला लावलाय. दुसऱ्याचा हात टिकत न्हाई तिथं.”

आप्पांनी कागद घेतला आणि निघाले. त्या दिवशी फाटकापर्यंत किती वेळा गेले आणि आले, देव जाणे. परत आल्यावर म्हणाले, “आपण नावानं मांडलं, बाई, म्हणून नावच दिसतंय. यंत्राचा क्रमांक आपण भरतो, पण छापत न्हाई. आता यंत्रानं मांडा.” मी क्रम बदलला. त्याच पाळ्या, तेच आकडे, तीच बेरीज. पण आता पश्चिमेच्या भिंतीलगतची यंत्रे एका गठ्ठ्याने वर आली, आणि गफूरभाईंच्या सुट्टीत त्या यंत्रांवर जो जो उभा राहिला होता, त्याची पाळीमागची तूट त्यांच्याहून जास्त दिसली. खात्यातला सर्वांत चांगला हात आमच्या पहिल्या पानावर सर्वांत वाईट ठरला होता.

दोन्ही पाने घेऊन आम्ही व्यवस्थापकांकडे गेलो. त्यांनी दोन्ही शांतपणे वाचली.

“आप्पा, हे दुसरं पान कुणी मागितलं होतं?”

“कुणी न्हाई, साहेब.”

“गफूरला वाचवायचं म्हणून तुम्ही क्रम फिरवलात. उद्या मला आणखी कुणाला वाचवायचं असेल, तर तिसरं पान निघेल?”

“निघंल की.”

“मग यातलं खरं कोणतं?”

आप्पा दोन्ही पाने उचलून फाटकाकडे निघाले. दुसऱ्या दिवशी ते आले ते बोलतच. “साहेब चुकीचं बोलले न्हाईत, बाई. मी गफूरसाठीच फिरवलं होतं. आमचं एकच गाव. कागदाला कागदानं तपासता येत न्हाई. जागेवर जाऊनच बघावं लागंल.” त्यांनी व्यवस्थापकांना सुचवले की आठवडाभर माणसांच्या जागा बदलून पाहाव्यात. व्यवस्थापकांनी मान्य केले.

गफूरभाई मधल्या रांगेत गेले आणि त्यांच्या जागी मधल्या रांगेतला दत्ता आला. आठवडा संपला. गफूरभाईंचे नाव यादीत पार खाली उतरले. भिंतीकडची यंत्रे वरच राहिली. पण गफूरभाईंच्या हाती तिथे जेवढे धागे तुटत, त्याहून कितीतरी जास्त दत्ताच्या हाती तुटले. व्यवस्थापकांनी त्याच्या नावाखाली रेघ मारली.

आप्पा टेबलाला टेकून उभे होते. “साहेब, गफूर तिथं वर्षानुवर्षं उभा हाय. दत्ताला आठच दिवस झाले. हात बसायला वेळ लागतो.”

“एक माणूस कमी करायचाच आहे. आणि ही तपासणी तुम्हीच सुचवलीत.”

दत्ता हिशेब घ्यायला आला तेव्हा आमच्या दाराशी थांबला. रागावलेला नव्हता. “आप्पा, मागल्या महिन्यात माझं नाव खाली हुतं की. मग आमी आठ दिवसांत एवढे बिघडलो का?”

“न्हाई, दत्ता.”

“मग कागदावर तसं लिवा की.”

दत्ता गेल्यावर काही दिवसांनी हवेत ओलावा सोडणाऱ्या नळ्यांची साफसफाई निघाली. पश्चिमेच्या भिंतीकडच्या नळ्या चोंदलेल्या निघाल्या. कोरड्या हवेत सूत तुटते, हे खात्यात सर्वांना ठाऊक असते. त्या भिंतीकडे हवा कोरडी आहे का, हे कुणी मोजले नव्हते. नळ्या साफ झाल्या आणि तिथली तूट इतर यंत्रांइतकीच झाली. दत्ताला परत घेण्याविषयी आप्पांनी दोनदा अर्ज दिला. जागा भरायची नाही, असे उत्तर आले.

त्यानंतर आमच्या प्रत्येक अहवालाच्या तळाशी आप्पा दोन ओळी घालू लागले. पहिली: ‘क्रम कशावरून लावला आहे.’ दुसरी: ‘काय तपासलेले नाही.’ दुसरी ओळ कधी कधी पहिल्या पानावर मावत नसे. वरून निरोप आला की या ओळी काढाव्यात, वाचणाऱ्याचा गोंधळ होतो. मी विचारले, “आप्पा, काढू का?” “काढू नका. गोंधळ होऊ द्या.” निरोप पुन्हा आला, मग लेखी आला. आप्पांनी अहवाल तसाच छापला, त्याच टेबलावर राजीनामा लिहिला आणि नेकनूरला दुकानात जाऊन उभे राहिले. त्यांच्यामागे विभाग माझ्याकडे आला. त्या ओळी मी काही महिने राखल्या. नंतर गिरणीच बंद पडली.

मी पुन्हा शाळेत आले. आप्पांना नंतर अनेकदा भेटले. प्रत्येक वेळी ते दत्ताचीच गोष्ट काढत, आणि आठवड्याऐवजी महिना मागितला असता तर काय झाले असते, हे बोटांवर मांडून दाखवत. ते वारले त्याआधीच्या शेवटच्या भेटीतही त्यांनी ते मांडले होते, आणि त्या मांडणीत दत्ता वाचला होता. पण त्याच्याऐवजी तिसऱ्याच कुणाची नोकरी गेली होती.

म्हणून आरंभी मांडलेल्या प्रश्नाच्या पहिल्या भागाचे उत्तर ‘होय’ असे मी देते. दुसऱ्या भागाचे उत्तर मला अजून सापडलेले नाही. वाचकांना एक विनंती आहे. आपल्या हाताशी असलेली कोणतीही यादी घ्या: वर्गाचे गुण, दुकानातली विक्री, कामावरची हजेरी. तिचा क्रम निदान दोन रीतींनी लावा. मग सर्वांत वर आलेल्या माणसाला काही बोलण्याआधी तो जिथे उभा असतो तिथे जाऊन पाहा. माझे म्हणणे बरोबर आहे की नाही, हे कृपया आपण स्वतः तपासा.