सबटायटलमधली सासू

दोह्यात, ओल्ड एअरपोर्ट भागात, आमच्या फ्लॅटसमोर एक मलेशियन चिनी बाई राहायची. हमद पोर्टवर नोकरीला होती. कायमची परत निघाली तेव्हा तिने कुंड्या एकीला दिल्या, कुकर दुसरीला, आणि माझ्या हातात डीव्हीडींचं एक खोकं ठेवलं. सगळे हाँगकाँगचे कँटोनीज सिनेमे, आणि सगळ्यांत पोलीसबाया. कुणी दोरीवरून बारा मजले उतरतेय, कुणी मॉलच्या काचा अंगानेच फोडत निघालीय. मी हरखलेच.

कारण सांगते. लग्नाआधी नाशिकला मी पोलीस भरतीचं मैदान मारलं होतं. धावणं, लांब उडी, गोळाफेक, सगळ्यांत पास. लेखी परीक्षा आली ती नेमकी लग्नाच्या आठवड्यात. मला बघायला आल्या तेव्हाच सासूबाई म्हणाल्या होत्या, "नोकरी करू दे, पण शाळेत, बँकेत. खाकी आमच्या घरात नको." मी मान डोलावली. त्या डोलावण्याचा राग मला पुढे बारा वर्षं पुरला.

कतारच्या फुटबॉल वर्ल्डकपला तीनेक वर्षं होती, तेव्हा सासूबाई व्हिजिट व्हिसावर आल्या. बाहेर सगळं दोहा उकरून ठेवलेलं. या शुक्रवारी ज्या रस्त्याने भाजीला जावं, तो पुढच्या शुक्रवारी गायब. "रस्ते चोरीला जातात का गं इथं?" त्या विचारायच्या. त्यात ऊन मरणाचं. मग दुपारी पडदे ओढून आम्ही तिघी सिनेमा लावायचो: त्या, मी आणि माझी दहा वर्षांची लेक. खाली इंग्रजी सबटायटल्स यायची. सासूबाईंना इंग्रजी येत नाही, म्हणून मी प्रत्येक ओळ मराठीत सांगायची.

दोन दिवसांत त्यांना वेडच लागलं. तक्रार एकच. हाणामारी सुरू झाली की त्या पुढे सरकून ओरडायच्या, "अगं बाई, आधी केस बांध! डोळ्यांवर येतायत, दिसणार काय तुला?" पोलीसबाई काही ऐकायची नाही. मोकळ्या केसांनीच आठजणांना लोळवायची.

त्याच सुमारास मला एक नोकरी चालून आली. स्टेडियमवर चाचणी सामने व्हायचे होते, आणि एका सिक्युरिटी कंपनीला बायकांची तपासणी करणाऱ्या पथकावर सुपरवायझर हवी होती. मी गुपचूप इंटरव्ह्यू देऊन आले, निवडही झाली. मी नवऱ्याच्या व्हिसावर, म्हणून आता फक्त त्याच्या सहीचं ना-हरकत पत्र रविवारपर्यंत द्यायचं होतं. नवरा इंजिनिअर. मेट्रोचे बोगदे खणतो, पण आईसमोर त्याची जीभ टाळूला चिकटते.

"मी सही करतो," तो म्हणाला, "पण आधी आईला विचार."

"बारा वर्षांपूर्वीही हेच म्हणाला होतास."

सासूबाईंसमोर सरळ बोलायला माझंही तोंड उघडेना. तेव्हा मला सबटायटल्स आठवली.

गुरुवारी दुपारी पडद्यावर एक साहेब पोलीसबाईवर खेकसला. खाली लिहिलं होतं, इमारतीला वेढा घाला. मी सांगितलं, "साहेब म्हणतायत, तुझ्यासारखी बाई खात्याला मिळायची नाही. सासरचे काय म्हणतात?"

लेक गर्रकन वळली. "मम्मा, ही डिडन्ट से दॅट!"

"तू गप बस."

मग चोर पळाला. त्याच्यामागे धावता धावता पोलीसबाई माझ्या मराठीत म्हणाली, "माझ्या सासूबाई फार समजूतदार. त्यांनीच मला वर्दी घाल म्हणून सांगितलं." धावपळीत एवढं लांब वाक्य बसेना, म्हणून उरलेलं मी चोर पकडल्यावर उरकलं.

लेक हसून हसून सोफ्यावर आडवी झाली. सासूबाईंनी रिमोट उचलून चित्र थांबवलं. पोलीसबाई एक पाय हवेत ठेवून तशीच अडकली.

"हिच्या गळ्यात ना मंगळसूत्र, ना घरात नवरा. इतके सिनेमे झाले, सासू एकदा आली नाही. आजच कुठून उगवली?" त्या म्हणाल्या. "सरळ बोल. काय विचारायचंय?"

मी बोलले. नोकरी, वर्दी, रविवार, सगळं एका दमात. तुम्ही नाही म्हटलंत तरी करणार, असंही म्हणायचं ठरवलं होतं. ते काही ओठांवर आलं नाही.

"वर्दी खाकी का?"

"नाही. निळी."

"मग मला कशाला विचारतेस? मी खाकीला नाही म्हटलं होतं. निळ्याला कधी म्हटलं?"

मला हसू आलं आणि तितकाच संतापही. "बारा वर्षं, आई! आणि प्रश्न फक्त रंगाचा होता?"

त्या पोलीसबाईच्या हवेतल्या पायाकडे बघत होत्या. "रंगाचा नव्हता गं," त्या म्हणाल्या. "भीती माझी होती. तुझ्या गळ्यात घातली." आणि रिमोट लेकीकडे दिला.

संध्याकाळी नवऱ्याने सही केली आणि गड त्यानेच सर केल्यासारखा घरभर हिंडला.

पहिल्या ड्यूटीच्या दिवशी मी वर्दी चढवून, बूट बांधून दाराशी आले. खाली कंपनीची गाडी उभी, ड्रायव्हर फोनवर "यल्ला, यल्ला" म्हणत घाई करतोय. सासूबाई तेलाची बाटली आणि कंगवा घेऊन आडव्या आल्या.

"बस खाली."

"आई, उशीर होतोय."

"होऊ दे. त्या बयांना ओरडून ओरडून माझा घसा बसला, एकीनंही ऐकलं नाही. तू तरी ऐक."

मी वर्दीतच फरशीवर बसले. त्यांनी केस मागे ओढून इतकी घट्ट वेणी घातली, की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वेणीमुळे आलं, असं मी लेकीला सांगितलं. या वेळी तिने माझी चूक काढली नाही.