मामांच्या छातीवरचा प्रवास

बुटांच्या दुकानात स्टुलावर बसून बसून मामांचं पोट असं सुटलं होतं, की गिऱ्हाइकाच्या पायापर्यंत वाकायचं तर आधी श्वास रोखावा लागे. "मी नंतर येतो, पोट आधी पोचतं," असं ते स्वतःच सांगत. अडीअडचणीला त्यांना कुणी बोलवत नसे. रक्त दिसलं की त्यांना घेरी येई.

धाकट्या बहिणीचं बाळ सातव्या महिन्यातच आलं, तेव्हाही त्यांना बाहेर बाकावर बसवलं होतं. पण ऑपरेशननंतर बहिणीचा रक्तस्राव थांबेना, भाऊजी तिच्यापाशी राहिले, आणि बाळाबरोबर मोठ्या हॉस्पिटलात जायला उरले मामा.

डॉक्टरबाईंनी काही लपवलं नाही. "दिवस भरलेले नाहीत, वजन कमी आहे, जन्मल्यावर लगेच रडलाही नाही. फुप्फुसं कच्ची आहेत, जिवाला धोका आहे. ते आता बदलता येणार नाही. पण वाटेत गार पडला, तर धोका आणखी वाढेल. तेवढं मात्र सांभाळा."

आणि अॅम्ब्युलन्समधली उबेची पेटी नेमकी सुरू होईना. नर्सने मामांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"शर्ट काढा."

"मी?"

"माझे हात ऑक्सिजनच्या नळीला हवेत. आणि ड्रायव्हरला गाडी चालवायचीय."

मामा रेलून बसले. नर्सने टोपी घातलेलं उघडं बाळ त्यांच्या छातीवर ठेवलं, मान सरळ केली, वर ब्लँकेट टाकलं. बाळ कण्हत होतं. प्रत्येक श्वासाला इवल्या बरगड्या आत ओढल्या जात. जन्मभर फुकट पोसलेल्या चरबीने आज तरी चार पैशांचं काम करावं, अशी मामांनी मनोमन विनवणी केली. मग वाटलं, आपल्या भात्यासारख्या छातीचे पोराला हादरे बसत असतील. त्यांनी श्वास रोखून धरला.

"तुम्ही घ्या हो श्वास," नर्स म्हणाली. "मला एकाचीच काळजी पुरे आहे."

हॉस्पिटलात तापमान बघून डॉक्टर म्हणाले, "उबदार आलाय, बरं झालं," आणि बाळाला श्वासाच्या यंत्रावर घेतलं. दुसऱ्या दिवशी त्याची तब्येत इतकी ढासळली, की मामा दुकानात एका गिऱ्हाइकाला दोन्ही डाव्या पायाचे बूट देऊन बसले. मग हळूहळू बाळ सावरलं आणि यंत्र निघालं.

बहीण बरी होऊन आली तेव्हा म्हणाली, "दादा, तू नसतास तर..."

"तर ड्रायव्हरला शर्ट काढावा लागला असता," मामा म्हणाले. काचेपलीकडे पोर आवाज न करता श्वास घेत होतं. दुकान उघडायची वेळ टळून गेली तरी ते तिथून हलले नाहीत.