उजेड पाहिलेले कोंब

वेस्टर्न ब्लॉटचा, म्हणजे प्रथिनं शोधायच्या चाचणीचा, ओला पांढरा पडदा चिमट्यात धरून मेधा प्रयोगशाळेच्या खिडकीशी उभी होती. ज्वारीचे कोंब आम्ही पूर्ण काळोखात वाढवले होते. चाचणीसाठी वाटून घ्यायच्या आधी त्यातले अर्धे दुपारभर उन्हात ठेवले. उजेड ओळखणारं प्रथिन दोन्हींत शोधायचं होतं. काळोखातल्या कोंबांच्या रांगेत त्याचा ठसठशीत पट्टा उमटला होता. उन्हातल्यांची रांग जवळजवळ कोरी.

“माझं काही चुकलं का हो, ताई?” मेधा या कामात नवी आहे.

“नाही गं. उजेड भेटला की हे प्रथिन मोडूनच जातं.”

“मग काळोखात एवढं साठवतात कशाला?”

“वाट बघायला,” मी म्हणाले, आणि मला बाबा आठवले. शेवटच्या आजारात ते खाटेवरून सारखे दाराकडे बघत असायचे. परदेशातून दादा सकाळी पोचला. बाबांनी त्याला डोळे भरून पाहिलं आणि दिवेलागणीला ते गेले.

दादा अजून हळहळतो, “मी फार उशिरा आलो गं.” मी विषय बदलते. आज मात्र त्या कोऱ्या रांगेवरून माझी नजर हलेना. तो आणखी उशिरा आला असता, तर बाबा अजून थोडे राहिले असते का?