चिंबोरी मोडणारं बोट

सारसोळ्याच्या पुतळाबाईला दोन गोष्टी सहन होत नसत: आळणी कालवण आणि चुकीची मोडलेली चिंबोरी. कॅन्सर तिनं सोसला. केमोनं केस गेले, तेही सोसले. "बरा झाला, विंचरायची कटकट गेली," म्हणाली.

पण चौथ्या केमोनंतर डॉक्टरांनी बजावलं, अंगातल्या पांढऱ्या पेशी फार कमी झाल्यात, कच्च्या मासळीला हात लावायचा नाही. नात उन्नतीनं तर एकवीरा आईची शपथच घातली.

शपथ आठ दिवस टिकली. रविवारी नवरा गोटीराम खाडीतून जिवंत चिंबोऱ्या, चांगले मोठे खेकडे, घेऊन आला, आणि सून नमिता चिमट्यानं त्यांचे पाय ओढायला लागली. पुतळाबाईनं तोंड फिरवलं, डोळे मिटले. नमिता मसाला वाटायला वळली, तेवढ्यात हिनं एक चिंबोरी उचललीच. तिचा नांगीसारखा डेंगा कचकन बोटात रुतला. थेंबभर रक्त आलं. मग सासूनं शिकवलेलं तेच तिनं केलं. जेट्टीवर जाऊन बोट खाडीच्या पाण्यात बुडवलं. खारं पाणी लागलं की जखम सुकते; सगळं गाव असंच बरं होत आलेलं.

हे बोट काही सुकलं नाही. तिसऱ्या दिवशी वांग्यासारखं झालं, ताप चढला, आणि पुतळाबाई हॉस्पिटलात. नेहमीची औषधं दोन दिवस चालली, तरी सूज मनगटाकडे निघाली. पुढची केमो थांबली.

डॉक्टर प्रियदर्शिनी साताऱ्याची, कोवळी पोर. "आजी, कुत्रं चावलं का?"

"नाय."

"गुलाबाचा काटा?"

"आमच्या घरान कुठला गुलाब गो?"

"जंतू आला कुठून ते कळलं तर नेमकं औषध देता येईल. नाहीतर उद्या बोट चिरावं लागेल. मग ते पहिल्यासारखं वाकेल का, सांगता येत नाही."

पुतळाबाईनं सुजलेल्या बोटाकडे पाहिलं. न वाकणाऱ्या बोटानं चिंबोरी धरायची कशी? पण उशाशी उन्नती उभी, आणि शपथ एकवीरेची. तिनं बोट चादरीखाली सरकवलं.

म्हातारी घाबरली असं वाटून डॉक्टरनं विषय बदलला. "तुमच्याकडचे खेकडे मी परवा आणले, आजी. साफ करता येईनात. अख्खेच कुकरला लावले, चार शिट्ट्या दिल्या."

"चार शिट्ट्या!" पुतळाबाई सलाइनसकट उठून बसली. "आगो, पाठीमागनं धर, आंगठा हितं, आदी डेंगा मोड, असा!"

सुजलेलं बोट हवेत फिरलं आणि तिथंच थबकलं. सगळे त्या बोटाकडे बघत होते.

"आजी," उन्नती म्हणाली, "तू चिंबोरी मोडलीस."

"मी कुठं मोडली? तिनीच मना मोडली!"

मग सगळं बाहेर आलं, जेट्टीवरच्या पाण्यासकट. "खाडीचं पाणी!" म्हणत डॉक्टर लॅबला फोन करायला धावली. त्या पाण्यातला जंतू धडधाकट माणसाच्या सहसा वाटेला जात नाही. केमोनं अंगातली राखण उठली की मात्र त्याला रान मोकळं. औषध बदललं. तपासणीत खाऱ्या पाण्यातलाच जंतू निघाला. सूज उतरली, बोट न चिरताच वाकायला लागलं, आणि पुतळाबाईनं पहिल्यांदा ते डॉक्टरचा गालगुच्चा घेऊन वाकवून दाखवलं.

केमो पुन्हा सुरू झाली. आता रविवारी पुतळाबाई ओट्यापासून चार हात लांब खुर्चीत बसते, दोन्ही हात मांडीखाली दाबून.

"नमिता, चिमटा टाक! पाठीमागनं धर!"

"आये, हात बांधलं, पन तुमचा तोंड कोन बांधील?"

"त्याची शपथ कुनी घातली नाय," पुतळाबाई म्हणाली. "डेंगा मोड आदी."