तीन वेळा चाखलेली वाइन

माझ्या आईने माझ्या स्वयंपाकाला कधी चांगलं म्हटलेलं नाही. भाकरी जाड, रस्सा पातळ, सुकटीत कांदा फार, हे ऐकत मी पन्नाशीला आले. त्यामुळे गेल्या वर्षी तापातून उठून ती रानशेतहून आमच्या मसोलीच्या घरी राहायला आली आणि पहिल्याच जेवणाला “चांगलं झालंय” म्हणाली, तेव्हा मी घाबरून तिच्या कपाळाला हात लावला.

तापाने तिच्या तोंडाची चव नेली होती आणि ती कबूल करत नव्हती. कारल्याला चांगलं म्हणायची, खिरीला चांगलं म्हणायची आणि दोन घासांत हात धुवायची. पोलक्याच्या बाह्या दंडावर लोंबायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, चव येईल हळूहळू, तोवर आवडीचं द्या, पोटात काही गेलं पाहिजे. आता तिच्या आवडीचं म्हणजे जेवणाबरोबर पेलाभर ताडी. बाबा होते तोवर ते स्वतः ताडावर चढून उतरवायचे आणि दोघं अंगणात बसून प्यायची. ते गेल्यावर तिने ताडी सोडली. दुसऱ्या कुणाच्या हातची तिला चालत नाही.

लाल वाइनची कल्पना माझ्या नवऱ्याची. थोडी आंबट, थोडी तुरट, म्हणजे ताडीच्या नात्यातलीच, असं त्याचं म्हणणं. डॉक्टरांना विचारलं, ते हसले आणि दोन घोटांना हो म्हणाले. पण आणायची कुणी? मी तलासरीला शाळेत शिकवते. तिथल्या दारूच्या दुकानासमोर उभी राहिले असते तर दुसऱ्या दिवशी अख्ख्या सातवीला कळलं असतं. नवरा डहाणूच्या बँकेत, त्याची तिथे तीच गत. शेवटी मी डहाणूतून आणायची आणि त्याने तलासरीतून, असं ठरलं. एकमेकांच्या गावात आम्ही दोघं बेधडक.

“स्वस्तातली दाखवा, गोड नको,” मी दुकानदाराला म्हटलं.

“कशाबरोबर घेणार, ताई?”

“सुकटीबरोबर.”

तो म्हणाला, सुकटीबरोबर अजून कुणी मागितली नव्हती. मग त्याने नाशिककडची एक बाटली काढून दिली, आमच्या महिन्याच्या खर्चात सहज बसणारी.

पहिली बाटली आम्ही रविवारी दुपारी उघडायला घेतली, तर आईने अडवलं. “दुपारी उघडून काय कळणार? सकाळी बघायची, दुपारी बघायची, दिवे लागल्यावर बघायची. मग सांगायचं.” ताडीचं तसंच असतं. सकाळी गोड, दुपारी फेसाळ, संध्याकाळी आंबट आणि चढणारी. एकदाच चाखून मत देणारा माणूस आमच्या घरात मूर्ख ठरतो. नवऱ्याने कुरकुर केली, पण त्याच्या बाजूने बोलणारं कुणी नव्हतं. पुढच्या रविवारपासून बाटली सकाळच्या चहाच्या वेळी उघडायची आणि दिवसातून तीनदा घोट घोट चाखायची, असा घरचा रिवाज पडला.

आणि खरं सांगते, त्यात तथ्य निघालं. सकाळी काजूच्या बोंडासारखी घसा धरणारी गडद वाइन संध्याकाळपर्यंत मऊ व्हायची. सकाळी तोरा मिरवणारी हलकी वाइन संध्याकाळी पाणी. सुकटीबरोबर गडद वाइन घेतली की लोखंडी तवा चाटल्यासारखं वाटायचं. तिला उडदाची आमटी आणि नागलीची भाकरीच हवी. कोंबडीच्या रश्श्याला हलकी पुरे. सुकटीला मात्र एकही जुळली नाही, दुकानदाराला तसं सांगितलंसुद्धा.

हे सगळं आम्हा दोघांना कळत होतं. आई दरवेळी पेल्यात बोट बुडवून बाल्कनीतल्या गवती चहाच्या कुंडीत दोन थेंब शिंपडायची, एक धरतीला, एक बाबांना. मग घोट घ्यायची आणि म्हणायची, “चांगली हाय.” सकाळी चांगली, दुपारी चांगली, संध्याकाळी चांगली. एका रविवारी माझं डोकं फिरलं. “सगळ्याच कशा चांगल्या? तुला काही कळतंय तरी का?” असं मी ओरडले. तिने मान खाली घातली आणि उरलेला घास मुकाट्याने गिळला. मला माझीच लाज वाटली. ती आता अशीच गोड बोलत, न जेवता विझत जाणार, ही भीती मी रागात बोलून टाकली होती.

त्यानंतर दोन रविवार बाटली उघडली नाही. तिसऱ्याला आईनेच विचारलं, “आज नाय का?” मी घरातली शिल्लक बाटली उघडली. सकाळी चांगली हाय. दुपारी चांगली हाय. दिवेलागणीला मी उडदाची आमटी आणि भाकरी वाढली. तिने थेंब शिंपडले, घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

“ही आंबली.”

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. आईने भाकरीचा तुकडा आमटीत बुडवून खाल्ला, परत बुडवला, परत खाल्ला.

“यात मीठ कुठंय? असलं अळणी खावाला घालतेस मला?”

डॉक्टरांच्या सांगण्यावरून मी आल्या दिवसापासून तिचं मीठ कमी केलं होतं. एरवी मी वाद घातला असता. “चार महिने हेच घालतेय,” मी म्हटलं.

“आणि मी काय बोलले नाय?”

“चांगलं झालंय म्हणायचीस.”

ती घास हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. तिच्या ध्यानात सगळं येत गेलेलं मला तिच्या तोंडावर दिसलं.

“मग भ्याली असशील तू.”

“हो,” मी म्हटलं, “फार भ्याले होते, आई.”

तिने डाव्या हाताने माझी पाठ चोळली, लहानपणी ठसका लागल्यावर चोळायची तशी.

“बरं,” ती म्हणाली, “आता मीठ आण.”